टॅब की स्पेस? आधी ठरवा, मग भांडा

मंडळी, टॅब की स्पेस या वादावर आमच्या धंद्यात जेवढी डोकी तापली आहेत, तेवढी पुरणपोळीबरोबर दूध की तूप यावरही तापली नसतील. घरच्या वाचकांसाठी: कोडची ओळ समासापासून किती आत घ्यायची आणि कशाने, एवढंच हे भांडण.

यावरचं लाडकं उत्तर म्हणजे "ज्याची त्याची आवड". मला ते साफ अमान्य आहे. वही एकट्याची असेल तर आवड. चारजण एकाच फाईलवर काम करत असताना तुमचा एडिटर सेव्ह करताना गुपचूप ४०० ओळींतले टॅब बदलतो आणि खरी दुरुस्ती असलेली एक ओळ त्या ढिगाऱ्यात गाडली जाते. तपासणारा कंटाळून "ठीक आहे" म्हणतो. चूक आत शिरते ती इथून! पुढे एखादी ओळ कोणी लिहिली हे गिटला विचारावं, तर सगळीकडे तुमचंच नाव.

आणि हे नुसतं दिसण्याचं प्रकरण नाही. १९७६ सालच्या 'मेक'ला आज्ञेच्या ओळीआधी मुळात टॅबच लागतो. पायथन ३ टॅब-स्पेसची संदिग्ध सरमिसळ दिसली की प्रोग्राम चालवायलाच नकार देतो.

उपाय? शिस्तीचं प्रवचन नको, माणसं विसरतात. प्रकल्पात 'डॉट एडिटरकॉन्फिग' ही छोटी फाईल ठेवा. टॅब की स्पेस, किती रुंद, ओळीचा शेवट विंडोजसारखा की युनिक्ससारखा, सगळं त्यात लिहा. बरेच एडिटर ती आपणहून वाचतात, व्हीएस कोडसारख्यांना प्लगिन लागतं. पण ही फाईल एडिटरला फक्त सांगते, तपासत नाही. त्यासाठी फॉरमॅटर हवा, आणि तो सर्व्हरवरही चालायला हवा. गो भाषेने २००९ पासून 'गोफम्ट' सोबतच दिला आणि हा वाद जवळपास मिटवला.

"ज्यांना कमी दिसतं त्यांना टॅबच सोयीचा, रुंदी आपापली ठरवता येते." मुद्दा बिनतोड आहे. मग टॅब ठेवा की! पण सगळ्यांनी, आणि लिहून.

जुना कोड एकदाच, वेगळ्या कमिटमध्ये सारखा करा. गिट २.२३ (२०१९) पासून 'ब्लेम'ला ती कमिट वगळायला सांगता येते. म्हणजे तीही सबब संपली. असो.