पडीक माळावरचे नवे झुडूप

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०२४ साली ‘डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा’ या नावाने वनस्पतीच्या एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. ती सापडली कोठे? एखाद्या दुर्गम, निबिड अरण्यात नव्हे, तर तळेगाव दाभाडे येथील उघड्या गवताळ उतारावर! पावसाळा सरला की हे झुडूप एकदा फुलते. पुढे उन्हाळ्यात गावकरी माळावरचे गवत पेटवून देतात, सारा माळ काळाठिक्कर पडतो. आणि जमिनीखाली तग धरून राहिलेल्या त्याच्या काष्ठमय मुळातून ठेंगणे धुमारे फुटून ते दुसऱ्यांदा फुलते. मंदार दातार व आदित्य धारप प्रभृतींनी त्यावर काही वर्षे नजर ठेवली, ‘क्यू’ येथील तज्ज्ञांकडून खातरजमा करून घेतली, आणि मगच त्याचे बारसे केले. (यावरून वणवे लावण्यास शास्त्राची संमती मिळाली असे कोणी समजू नये, एक झुडूप राखेतून उठते म्हणून बाकीची उठतीलच असे नाही.)

या झुडपाचे कुळ आपणांस परके नाही. कोकणी स्त्रियांच्या वेणीतली आबोली, परसदारचा अडुळसा, कुंपणावरची कोरांटी आणि सात-आठ वर्षांनी एकदाच डोंगर निळाजांभळा करून टाकणारी कारवी ही सारी त्याची सगोत्र मंडळी. या कुळाशी सह्याद्रीचा संबंध फार जुना. परंतु त्यातील जातींना शास्त्रात नावे दिली ती बहुधा परक्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर निकोल डाल्झेल नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने कारवीच्या एका भावंडाला आपल्या वाडी संस्थानावरून ‘वारीएन्सिस’ असे नाव दिले. त्याच डाल्झेल साहेबांनी मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन यांच्यासह १८६१ साली ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांच्या परिश्रमांविषयी आम्हांस आदरच आहे. पण आपल्या डोंगरातील झुडूप नवे की जुने हे ठरविण्यासाठी सातासमुद्रापलीकडच्या वाळक्या फांद्यांशी ताडून पाहावे लागावे, ही पारतंत्र्याची खूण अद्याप पुरती पुसलेली नाही. ती पुसण्याचे काम ज्यांनी आरंभिले त्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांचा जन्म १८८४ साली आपल्याच मालवणचा. १९४६ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या संस्थेला आज त्यांचेच नाव आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातूनही अशाच अनेक जाती जगापुढे आल्या आहेत.

हे सारे आज लिहिण्यास एक कारण आहे. गोव्याहून चोर्ला घाट चढून, कणकुंबी व जांबोटी मागे टाकून बेळगावास निघालेला प्रवासी पिरनवाडीस येतो तेव्हा त्याच्या मागे घाटमाथ्याचे रान असते आणि पुढे शहर. मलप्रभा ज्या कणकुंबीस उगम पावते, म्हादईचे झरे ज्या खानापूर तालुक्यात पाझरतात, त्याच टापूचा हा उंबरठा. रान संपते आणि शहर सुरू होते तेथल्या उतारांना व माळांना सरकारदरबारी एकच नाव आहे : ‘पडीक’. पडीक म्हटले की भूखंड पाडायला, मुरूम उचलायला, जांभ्याच्या खाणी काढायला कोणाची आडकाठी नसते. तळेगावचा तो उतारही अशाच पडीकांपैकी. तेथे वेळीच कोणी पोहोचले नसते, तर ते झुडूप निनावीच गेले असते; आणि ज्याला नाव नाही त्याच्या नष्ट होण्याची वार्ताही होत नाही.

सीमाभागाचे दुर्दैव आणखी एक आहे. वनस्पतींची सूचिपुस्तके राज्यवार तयार होतात : महाराष्ट्राची वेगळी, कर्नाटकाची वेगळी, गोव्याची वेगळी. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असलेल्या सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागो. कारवीला त्याच्याशी कर्तव्य नाही. मात्र तीन राज्यांच्या कडेचा मुलूख तिन्ही ग्रंथांच्या कडेला पडावा, हे आम्हांस मान्य नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीला लोकनोंदवही ठेवण्यास सांगितले आहे. माधव गाडगीळ यांनी पुरस्कारलेली ही कल्पना कागदावर उत्तम आहे. परंतु एखाद्या ठेकेदाराकरवी इंग्रजी याद्या उतरवून कपाटात ठेवल्याने ती सफल होत नाही. पिरनवाडीपासून कणकुंबीपर्यंतच्या गावांनी ती मराठीत व कानडीत, दोन्ही भाषांत, गुराख्यांना आणि वैदूंना समोर बसवून भरावी. बेळगाव, सावंतवाडी व पणजी येथील महाविद्यालयांनी आपल्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना निदान दोन ऋतूंत, पावसानंतर आणि ऐन वैशाखात, या माळांवर पाठवावे. कारण एकाच ऋतूत गेलेल्यास डिक्लिप्टेराचे दुसरे रूप दिसलेच नसते. कारवीसाठी तर सात-आठ वर्षे वाट पाहावी लागेल. आणि ही पाहणी होईपर्यंत या पट्ट्यातील एकही ‘पडीक’ उतार खाणीसाठी वा भूखंडांसाठी देऊ नये, अशी आमची तिन्ही राज्य सरकारांकडे मागणी आहे.