पट्ट्याचे बक्कल

अमरसिंहाने आपल्या कोशात कमरेच्या अलंकारांस नावे देताना मोठी उदारता दाखविली आहे. स्त्रीच्या कटीवर असेल तर मेखला, कांची, सप्तकी, रशना, सारसन. आणि तोच पुरुषाच्या कटीवर असेल तर शृंखल. परंतु ज्या जागी हा पट्टा मिटतो, त्या जागेसाठी आपण आज सर्रास जो शब्द वापरतो तो मात्र सातासमुद्रापलीकडचा आहे. 'बक्कल' हा शब्द इंग्रजांकडून आपल्याकडे आला, त्यांस तो फ्रेंचांकडून मिळाला, आणि मुळात तो लॅटिन 'बुकुला' म्हणजे लहानसा गाल, यावरून निघाला. शिरस्त्राणाचा जो पट्टा गालावरून येई त्यास ते नाव पडले, पुढे ते पट्टा अडकविण्याच्या साधनास मिळाले. मराठीने तर त्यास अगदी घरचे करून टाकले. शिपायाच्या कमरेस बक्कल, शाळेतील मुलाच्या पट्ट्यास बक्कल आणि मुलींच्या केसांतही बक्कलच. (विपुल या अर्थाचा 'बक्कळ' निराळा, आमचे विद्यार्थी निबंधात एकाच्या जागी दुसरा हटकून लिहीत.)

रांजणगावासारख्या गावी बसून निवृत्त शिक्षकाने बक्कलांचा एवढा विचार का करावा, असे वाचकांस वाटेल. त्याचे कारण एडिंबरोहून आलेले एक पत्र. आमच्या वडील बंधूंचा नातू तेथे शिकावयास गेला, नोकरीस लागला आणि आता तेथील एका कन्येशी त्याचा विवाह ठरला आहे. वैदिक विधी पुण्यास व्हावयाचा आहे. परंतु तिकडील समारंभात वराने स्कॉटलंडचा 'किल्ट' नेसावा, अशी वधूपक्षाची इच्छा आहे. किल्ट म्हणजे सुमारे आठ वार लोकरी कापडाचे चुणीदार वस्त्र. ते कमरेस घट्ट बसते ते त्याच्या स्वतःच्या लहान पट्ट्यांनी. वरून जो सव्वादोन इंच रुंदीचा चामडी पट्टा बांधतात तो बव्हंशी शोभेचा. त्यावर समोर हाताच्या तळव्याएवढी धातूची पाटी असते. काटेरी फूल, पंजा उगारलेला सिंह किंवा एकमेकांत गुंतलेल्या रेषांची वेलबुट्टी, ही तिच्यावरील नेहमीची चित्रे.

चिरंजीवास मात्र नेहमीचे नको आहे. त्याने तीन पर्याय लिहून कळविले आणि शेवटी विचारले, "आजोबा, यांपैकी आपले कोणते?" प्रश्न सहज विचारलेला दिसतो, परंतु 'आपले' या शब्दाने आम्हांस आठवडाभर गुंतवून ठेवले.

पहिला पर्याय वधूच्या वडिलांनी प्रेमाने पुढे केलेला: त्यांच्या कुळाचे चिन्ह असलेले बक्कल. या चिन्हाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. मध्यभागी कुलनायकाची खूण, तिच्याभोवती एक पट्टा, आणि त्या पट्ट्यास बक्कल. नायक स्वतः जेव्हा ही खूण धारण करतो तेव्हा तिच्याभोवती पट्टा नसतो, साधे कडे असते. पट्टा आणि बक्कल ही अनुयायाची खूण! नायक आपल्या माणसांस आपल्या चिन्हाची पत्री देई व ते ती पट्ट्याने अंगावर बांधीत, अशी त्याची उपपत्ती तिकडे सांगतात. म्हणजे ते बक्कल लावणारा न बोलता सांगत असतो की, मी अमक्याचा माणूस. १७४६ सालच्या कायद्याने त्या डोंगरी लोकांस त्यांचा पोशाख करण्याची बंदी झाली, ती १७८२ पर्यंत टिकली; मधल्या काळात तो पोशाख उजळ माथ्याने वावरला तो राजाच्या पलटणींत. ज्या खुणेसाठी लोकांनी इतके सोसले, ती पाहुण्याने केवळ शोभेसाठी लावू नये, असे आमचे मत पडले. सासऱ्याने दिलेले वस्त्र जावयाने आनंदाने नेसावे. परंतु सासऱ्याचे गोत्र कोणी संकल्पात उच्चारीत नाही.

दुसऱ्या पर्यायाने आम्ही अधिक अस्वस्थ झालो. तेथील जुन्या वस्तूंच्या दुकानात चिरंजीवास एक पितळी लंबगोल पाटी आढळली. तिच्यावर पुणे जिल्ह्यातील एका कचेरीचे नाव इंग्रजीत व बाळबोधीत कोरलेले, खाली एक आकडा. "थेट आपल्या जिल्ह्यातली वस्तू, आणि पट्ट्यावर नेमकी बसते," असे त्याने हर्षाने लिहिले. नेमकी बसणारच, कारण ती पट्ट्यासाठीच घडविली होती. ती एका पट्टेवाल्याची चपरास होय.

सरकारी कचेरीतील ज्या नोकरास बंगालकडे चपराशी व मद्रासकडे प्यून म्हणत, त्यास आपल्या मुंबई इलाख्यात पट्टेवाला म्हणत. छातीवरून तिरका किंवा कमरेभोवती रुंद पट्टा, आणि त्यावर कचेरीच्या नावाची पितळी पाटी, म्हणजे चपरास. या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. फारसी 'चप-ओ-रास्त', म्हणजे डावे-उजवे, यावरून तो आला असे लोक सांगतात. परंतु जॉन बीम्स या व्याकरणकाराने त्याचा मूळ अर्थ बक्कल असाच दिला असल्याची नोंद 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात आहे. तेव्हा आमच्या नातवाने अजाणता शब्दाचा मूळ अर्थच शोधून काढला म्हणावयाचा!

परंतु त्या पाटीवर काय आहे आणि काय नाही, हेही पाहिले पाहिजे. कचेरीचे नाव आहे, क्रमांक आहे. ज्याच्या अंगावर ती वर्षानुवर्षे घासली गेली त्या माणसाचे नाव नाही. पट्टा उतरवून ठेवला की तो दुसऱ्याच्या अंगावर चढे, आणि दुसरा तोच क्रमांक होई. आमच्या शाळेतील घंटा देणाऱ्या गृहस्थांच्या अंगावर आम्ही कधी पट्टा पाहिला नाही, तो आमच्यापूर्वीच गेला होता. तरी गावात त्यांस कोणी नावाने ओळखीत नसे, 'शाळेचे पट्टेवाले' एवढेच म्हणत. पट्टा गेला तरी त्याची छाया माणसावर राहते ती अशी. त्याचबरोबर हेही खरे की, त्या चपराशीचा तोरा मोठा असे. ती झळकली की खेड्यातील वाट मोकळी होई, आणि घरी चूल पेटे ती तिच्याच जोरावर. ती पाटी जो दररोज घासूनपुसून लखलखीत ठेवी, त्यास तिची लाज वाटत होती की अभिमान, हे आपण घरी बसून कसे ठरवावे? दोन्ही वाटत असेल. म्हणून ती पाटी जपून ठेवण्याजोगी आहे, परंतु लग्नात मिरविण्याजोगी नाही. ज्या घरांतून हुकूम सुटत त्या घरांतील मुलाने हुकूम पोहोचविणाऱ्याचा बिल्ला गंमत म्हणून कमरेस लावावा, हे आम्हांस रुचले नाही. चिरंजीवास आम्ही स्पष्ट लिहिले, "विकत घ्यावयाची तर घे, भिंतीवर लाव, कमरेस नको."

याच बक्कलाने आणखी एक मोठी मजल मारली आहे. महाराष्ट्रातील पोलिस शिपायास जो क्रमांक असतो त्यास 'बक्कल नंबर' म्हणतात. फिर्याद असो, पंचनामा असो, शिपायाच्या नावापुढे 'ब. नं.' ही अक्षरे व आकडा येतोच. पट्ट्याच्या बक्कलावरील आकडा म्हणून ते नाव पडले, आणि आता आकडा कागदावर असला तरी शब्द बक्कलाचाच चालतो. निदान येथे आकड्याआधी माणसाचे नाव लिहितात, ही सुधारणाच म्हणावयाची. आमच्या गावच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या फाटकांवर उभ्या असणाऱ्या रक्षकांच्या पट्ट्यांकडेही आम्ही हल्ली निरखून पाहतो. ते बिचारे मास्तर काय पाहतात म्हणून संकोचतात.

पट्टा बांधणे म्हणजे कोणाचे तरी होणे, हा अर्थ आपणांस नवा नाही. मौंजीबंधन या संस्काराचे नावच मुळी कमरेच्या पट्ट्यावरून पडले. ब्राह्मण बटूची मेखला मुंज गवताची, क्षत्रियाची धनुष्याच्या दोरीची, वैश्याची तागाची, असा मनूचा दंडक. आणि तिला गाठी एक, तीन किंवा पाच, कुलाचाराप्रमाणे. या गाठी म्हणजे आमचे बक्कलच. पाहणाऱ्यास गाठींवरून कूळ कळावे आणि मेखलेवरून हा गुरुगृही बांधला गेला आहे हे कळावे. फरक एवढाच की, आपली मेखला पुढे सोडावयाची असते. सोडमुंज झाली की माणूस मोकळा. चपराशीस सोडमुंज नव्हती, पेन्शन होते.

राहिला तिसरा पर्याय. रांजणगावचा महागणपती अष्टविनायकांपैकी एक. तेव्हा बक्कलावर त्याचीच मूर्ती असावी, ही चिरंजीवाच्या आजीची सूचना. वहिनींच्या शब्दास आम्ही सहसा आडवे जात नाही. परंतु नाभीखालील इंद्रिये अमेध्य, हा स्मृतीचा विचार आपल्या घरांत अजून पुरता विसरला गेलेला नाही. देवाची मूर्ती कमरेस, तीही चामड्यावर, आणि समोर पंगतीत मद्याचे पेले, हे चित्र वहिनींसमोर ठेवताच त्या स्वतःच म्हणाल्या, "नको हो भाऊजी, देव देव्हाऱ्यातच बरा."

तेव्हा आम्हांस त्या देवाचाच पट्टा आठवला. गणपतीच्या उदराभोवती नाग बांधलेला असतो. उंदरावरून पडल्यावर पोट आवळण्यासाठी त्याने सर्प गुंडाळला आणि ते पाहून चंद्र हसला, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली आहे. आणि समर्थांची आरती रोज म्हणणाऱ्यांनी पीतांबराच्या पाठोपाठ कोणते बंधन येते ते मनात आणून पाहावे. मूर्ती नको, मूर्तीचा कमरपट्टा घ्यावा! नागाने वेटोळे घालावे, फणा मध्यभागी यावा, आणि शेपटीचाच आकडा होऊन पट्ट्याच्या भोकात अडकावा. यात कोणा नायकाची ताबेदारी नाही, कोणा कचेरीचा क्रमांक नाही, आणि देवाचा अवमानही नाही.

हे चित्र घेऊन आम्ही पुण्यास कसबा पेठेत तांबट आळीत गेलो. पेशवाईपासून तांब्यापितळेचे काम करणारी ही त्वष्टा कासारांची आळी. ठोक्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो, म्हणून वाट विचारावी लागत नाही. ज्या कारागिरांकडे आम्ही गेलो त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि पहिला प्रश्न केला तो आमच्या ध्यानीमनी नव्हता. "गुरुजी, हा माणूस बसणार आहे ना? मग पाटी सरळ नको, पोटाला बाक द्यावा लागेल." तांबे मऊ, ते वाकणार नाही का, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, तापविले की मऊ होते, ठोकले की कडक होते. मठारकामाचे ठोके शोभेसाठी असतात असे लोकांस वाटते, परंतु भांड्यास ताकद त्यांनीच येते. नागाच्या अंगावरील खवले म्हणून तेच ठोके चालतील. आकडा मात्र पितळेचा करून मागून झाळावा लागेल, कारण सारा ताण त्यावर. एवढ्या बोलण्यात आमच्या चित्रातील फण्याचे दोन वळसे कमी झाले आणि चित्र सुधारले.

शेवटी त्यांनी विचारले, "मागे नाव घालायचे?" लग्नाच्या भांड्यांवर घालतात तसे, ठिपक्याठिपक्यांचे. आम्ही मुलाचे, त्याच्या वडिलांचे व आडनाव असे तिन्ही लिहून दिले. जागा अपुरी पडते म्हणून आद्याक्षरे चालतील का, असे त्यांनी विचारले. आम्ही अक्षरे बारीक करावयास सांगितले. पाटी दिवाळीनंतर मिळावयाची आहे. तिकडे तांबे काळवंडले तर चिंच कोठून आणावयाची, हे चिरंजीवाने पुढील पत्रात विचारले आहे. लिंबू व मीठ चालेल, असे वहिनींनी कळविले.