बत्तीस मिलिमीटरच्या बाजूने

अंगणात आगगाडी चालवायची म्हटलं की लोक सगळ्यात आधी इंजिन विकत घेतात. मग रूळ, मग डबे, आणि शेवटी कधीतरी प्रश्न पडतो, ही गाडी नक्की कुठली? माझं भांडण या क्रमाशी आहे.

कोलाडला फार्महाउसं वाढताहेत. जागा आहे, हौस आहे, आणि सल्ला एकच: 'जी स्केल घ्या, ४५ मिलिमीटरचा रूळ.' पण ४५ हे रुळांमधलं अंतर झालं, स्केल नव्हे. जर्मन एलजीबीने १९६८ मध्ये हा रूळ १:२२.५ ला वापरला तो मीटर गेज दाखवायला. १:३२ ला तोच रूळ युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज होतो. दोन्ही खोक्यांवर ४५ लिहिलेलं, आणि एकातला डबा दुसऱ्यातल्या इंजिनामागे राक्षसासारखा.

कोकण रेल्वेवर रोह्यानंतरचं पहिलंच स्टेशन आपलं, त्यामुळे तिचा मोह होतो. सोडा. ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर २२.५ ने भागले तर साडेचौऱ्याहत्तर येतात. असा रूळ कुठल्या दुकानात मागणार? किलोमीटरभर त्रिज्येचं वळण त्या प्रमाणात ४४ मीटर त्रिज्या मागतं. एवढं अंगण असेल तर भात लावा.

आणि आपल्याच जिल्ह्यात नेरळ-माथेरान आहे! १९०७ ची, दोन फुटी, चढ १:२० पर्यंत. वळणं इतकी तीव्र की तिच्या वाफेच्या इंजिनांची टोकाची चाकं वळणात थोडी फिरतील अशी बसवावी लागली. इतरांच्या मॉडेलमध्ये तीव्र वळण ही तडजोड असते, इथे तोच इतिहास आहे. आता ६१० ला १९ ने भागा: ३२. ब्रिटिश हौशी लोक याला '१६ मिलिमीटर स्केल' म्हणतात, कारण फुटाला १६ मिलिमीटर. साडेपाच फुटी प्रवासी जेमतेम नऊ सेंटिमीटरचा होतो. आल्प्स आणि कोलोरॅडोच्या गाड्या मी हिरवळीवर पाहिल्या. माथेरानची अजून एकाही अंगणात दिसली नाही.

'४५ चं सामान जास्त मिळतं.' खरं आहे. पण १६ मिलिमीटरमधल्या बऱ्याच इंजिनांची चाकं ३२ वरून ४५ वर सरकवता येतात, आणि माथेरानचा डबा या आकारात प्लायवूडमधून घरी कापता येतो. पाच वर्षांच्या पोराला नुसती गाडी पळवायची असेल तर खुशाल ४५ घ्या.

रुळांतून वीज मात्र नको. आपल्याकडचा पाऊस, शेवाळ, चिखल. पितळी रूळ काळे पडतात आणि गाडी चालवण्यापेक्षा घासण्यातच सुट्टी जाते. बॅटरी आणि रिमोट घ्या, किंवा परवडत असेल तर गॅसवरचं खरं वाफेचं इंजिन. रूळ जमिनीवर टाकू नका. दोन जांभ्या चिऱ्यांची उंची, वर क्रशरवरची बारीक कच, मधूनमधून पाण्याला वाट. पैसे आधी इथे घाला. इंजिन दिवाळीनंतर आलं तरी चालेल. एका पावसाळ्यात चिरे कुठे खचतात ते आधी बघून घ्या.