‘सोडून का येत नाही?’ – अहो, येऊन जाणार कुठे?

नवऱ्याने बायकोला मारल्याची बातमी टाकली की खाली पहिली कमेंट ठरलेली. “एवढा मार खाते, मग सोडून का येत नाही?” लिहिणारे सगळे शिकलेले, चांगल्या घरातले. मंडळी, आज मी उलटा प्रश्न विचारतो. सोडून येऊन तिने जायचं कुठे? पत्ता सांगा.

माहेर म्हणाल. तिथे भाऊ-वहिनी, दोन खोल्या, आणि आठ दिवसांत आईच म्हणते, “जरा सांभाळून घे गं.” भाड्याची खोली घ्यावी तर डिपॉझिट कुठून आणायचं? वर घरमालक विचारणार, “मिस्टर कुठे असतात?” पोलीस ठाण्यात गेली तर नवऱ्याला बोलावून समज देतात आणि दोघांना एकाच रिक्षात घरी पाठवतात. याला आपल्याकडे ‘संसार वाचवला’ म्हणतात! वीस वर्षं हेच बघतोय.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. १८१ हेल्पलाईन आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथे समुपदेशन, वकील, राहायची सोय मिळते. पण ही सोय जास्तीत जास्त ५ दिवसांची. आणि २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा म्हणतो, अर्ज पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करा. प्रत्यक्षात किती तारखा पडतात ते कोर्टाच्या पायरीवर बसलेल्या बायांना विचारा. ते सोडा, कायद्याचाच हिशोब धरला तरी मधले ५५ दिवस ती लेकरं घेऊन कुठे झोपते? बहुतेक वेळा मारणाऱ्याच्याच घरी. कागदावर ‘आपसात समझोता’.

जास्त दिवस राहायचं तर शक्ती सदन आहे, म्हणजे पूर्वीचं स्वाधारगृह. तेही इथे नाही, लांब. शिवाय तिथे सोबतच्या मुलग्याला वयाची अट आहे. दहावीतल्या पोराने मग कुठे जायचं? आणि बाईचं पोळ्या लाटायचं काम इथे, मुलांची शाळा इथे. तिला लांब पाठवलं की काम गेलं, शाळा गेली. मारणारा मात्र आपल्याच ओट्यावर पाय पसरून बसलेला. एसटीला अर्धं तिकीट केलं, चांगलं केलं, पण उतरायचं कुठे?

कायद्यात ताकद आहे. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथे राहायचा हक्क आहे. मारणाऱ्याला घराबाहेर काढायचा किंवा तिला तसंच दुसरं घर देऊन भाडं भरायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. सासऱ्याच्या नावावरचं घरही यात येऊ शकतं, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं. पण आदेश हातात पडेपर्यंत डोक्यावर छप्पर नको?

आपल्या पालिकेची जुनी क्वार्टर्स कुलपं लावून धूळ खात पडलीत. त्यातल्या तीन खोल्या द्या. सहा महिने ते वर्षभर, नाममात्र भाड्याने. आतून नीट लागणारी कडी, रात्री एक महिला कर्मचारी, आणि कृपा करून बाहेर फलक नको! संरक्षण अधिकारी आठवड्यातून एकदा तिथेच येऊन अर्ज भरून घेतील. मुलाची शाळा बदलावी लागली तर दाखल्यासाठी अडवता येत नाही, हे मुख्याध्यापकांना कुणीतरी सांगेल. पैसा? महिला-बालकल्याणाचा निधी दरवर्षी शिलाई मशीन आणि मेळाव्याच्या मंडपावर जातोच की. मशीन ठेवायला आधी खोली लागते, साहेब.

एक माननीय म्हणाले, “अशाने घरं मोडतील.” पळायची वेळ येईल म्हणून ज्या घरातलं पोर दप्तर उशाशी घेऊन झोपतं, ते घर तुमच्या मते शाबूत आहे का?

पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय कोणता नगरसेवक, कोणती नगरसेविका मांडणार? कमेंटमध्ये नाव लिहा. ठरावाचा मसुदा मी तयार करून देतो.