नाव कोणाचे, पत कोणाची?

हिशेबशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ‘ख्याती’ नावाची एक मालमत्ता असते. जमीन, इमारत, यंत्रसामग्री, शिल्लक माल यांच्या पंगतीत ती ताळेबंदाच्या एका बाजूला निमूटपणे बसलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, गोदामात ठेवता येत नाही, आणि तिचे मोल काढण्याच्या दोन-तीन रीती विद्यार्थी परीक्षेपुरत्या पाठ करतात. ही मालमत्ता निर्माण कोणी केली आणि म्हणून तिच्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न मात्र पाठ्यपुस्तक विचारीत नाही. तो विचारावयाचा झाल्यास रोल्स-रॉइस या ब्रिटिश मोटारीच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. जिचे नाव उत्तमतेला पर्यायी शब्द म्हणून जगभर रूढ झाले, त्या मोटारीचा कारखाना १९९८ साली एका जर्मन कंपनीला मिळाला आणि नाव दुसऱ्या जर्मन कंपनीला. हे कसे घडले आणि त्यावरून काय समजावयाचे, याचा विचार मोटारीत कधी न बसणाऱ्यांनीही करण्यासारखा आहे.

कष्टाने मिळविलेले नाव

या जोडनावातील दोन गृहस्थ परस्परांहून अगदी भिन्न होते. फ्रेडरिक हेन्री रॉइस यांचा जन्म १८६३ सालचा, पिठाची गिरणी चालविणाऱ्या एका सामान्य कुटुंबातला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. वर्तमानपत्रे विकणे, तारा पोहोचविणे अशी कामे या मुलाला करावी लागली. रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी मिळाली, पण तीही पैशाअभावी पुरी झाली नाही. १८८४ मध्ये त्यांनी मँचेस्टर येथे विजेची किरकोळ उपकरणे बनविण्याचा उद्योग सुरू केला. पुढे तेथे डायनमो आणि विजेवर चालणाऱ्या क्रेन तयार होऊ लागल्या. एक जुनी फ्रेंच मोटार त्यांनी विकत घेतली, तिचे दोष त्यांना सहन होईनात, आणि त्या असमाधानातून १९०४ मध्ये त्यांनी स्वतःची मोटार तयार केली. चार्ल्स रोल्स हे लॉर्डपुत्र, केंब्रिजचे पदवीधर आणि लंडनमध्ये परदेशी मोटारींचे विक्रेते. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात या दोघांची भेट झाली आणि १९०६ मध्ये रोल्स-रॉइस कंपनी अस्तित्वात आली.

एकाने मोटार करावयाची आणि दुसऱ्याने ती विकावयाची, एवढ्यावर पत निर्माण झाली नसती. क्लॉड जॉन्सन या तिसऱ्या भागीदाराने हे ओळखले होते की, गुणवत्ता नुसती असून चालत नाही, ती लोकांसमोर सिद्ध व्हावी लागते. ‘सिल्व्हर घोस्ट’ या नावाने प्रसिद्धी पावलेली मोटार १९०७ साली लंडन आणि ग्लासगोच्या दरम्यान सुमारे १५,००० मैल चालविण्यात आली. चाचणीनंतर ती सर्वांसमक्ष सुटी करून झिजलेल्या भागांचा हिशेब मांडला गेला. बदलावयाच्या भागांची किंमत दोन पौंडांच्या थोडी वर भरली. ‘जगातील सर्वोत्तम मोटार’ ही बिरुदावली या मोटारीस चिकटली ती त्याच सुमारास. जाहिरातीचा दावा आणि कारखान्यातील काम यांत त्या वेळी अंतर नव्हते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

या पतीला दुसरीही बाजू होती, आणि ती म्हणजे दुर्मिळता. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९०८ ते १९२७ या काळात आपल्या ‘टी’ नमुन्याच्या दीड कोटी मोटारी बनविल्या. शेतकऱ्याला आणि कारागिराला परवडेल एवढी त्यांची किंमत खाली आणली. सिल्व्हर घोस्ट १९२६ पर्यंत तयार होत होती, आणि दोन दशकांत तिची एकूण संख्या आठ हजारांपर्यंतही पोहोचली नाही. फोर्डची मोटार उपयोगासाठी घेतली जाई. रोल्स-रॉइसची मोटार उपयोगाबरोबरच इतरांकडे ती नाही एवढ्यासाठीही घेतली जाई. थॉर्स्टिन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची जी मीमांसा केली, तिला याहून नेमके उदाहरण मिळाले नसते.

आपल्या देशातील संस्थानिक या मोटारीचे मोठे चाहते होते. हैदराबादच्या निजामासाठी १९१२ च्या सुमारास एक सिल्व्हर घोस्ट बनवून घेण्यात आली. तिच्यात मागील आसन सिंहासनासारखे उंच केलेले होते आणि ती केवळ समारंभापुरती बाहेर निघे. अनेक वर्षांच्या आयुष्यात ती धावली काही शेकडो मैल. आजचा मराठवाडा त्या वेळी त्याच संस्थानात होता. पंधरा हजार मैल न थकता धावणे हा जिचा गुण, ती मोटार उभी राहण्यासाठी घेतली गेली! नाव वस्तूहून मोठे होऊ लागल्याची ती पहिली खूण म्हणावी लागेल.

नावाचे मालक आणि कामाचे धनी

रोल्स १९१० मध्ये विमान अपघातात वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी मृत्यू पावले. रॉइस १९३३ मध्ये निवर्तले. त्यानंतर हे नाव वाहिले ते डर्बी आणि पुढे क्रू येथील कारखान्यांतील हजारो अनामिक कामगारांनी, अभियंत्यांनी आणि आरेखकांनी. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर आणि हरिकेन या विमानांना बळ देणारे मर्लिन इंजिन याच कंपनीचे. ब्रिटिश जनतेच्या मनात या नावाला जे स्थान मिळाले ते उमरावांच्या मोटारीमुळे थोडे आणि १९४० सालच्या त्या इंजिनामुळे अधिक, असे म्हणण्यास हरकत नाही.

नाव आणि माणूस यांची फारकत कशी होते, हे या कंपनीने स्वतःच १९३१ मध्ये दाखवून दिले होते. बेंटली ही प्रतिस्पर्धी कंपनी मंदीच्या लाटेत बुडाली, तेव्हा रोल्स-रॉइसने एका मध्यस्थ संस्थेला पुढे करून ती विकत घेतली. त्या व्यवहारात बेंटली हे नावही गेले. ज्यांच्या आडनावाची ती मोटार, ते डब्ल्यू. ओ. बेंटली पुढे दुसऱ्या कंपनीसाठी उत्तम मोटारी आखत राहिले, पण स्वतःच्या आडनावाने मोटार बाजारात आणण्याचा हक्क त्यांना उरला नव्हता. कायद्याच्या दृष्टीने यात काही वावगे नव्हते. पण पेरलेल्याची वेळ पुढे येते, ती अशी.

तारणारा हात सरकारचा

४ फेब्रुवारी १९७१ रोजी रोल्स-रॉइस दिवाळखोर झाल्याचे जाहीर झाले आणि ब्रिटनला धक्का बसला. कारण मोटारींचे नव्हते. मोटारींचा विभाग नफ्यात होता. लॉकहीड कंपनीच्या ट्रायस्टार विमानासाठी ‘आरबी २११’ हे नवे इंजिन ठराविक किमतीत देण्याचा करार कंपनीने १९६८ मध्ये केला होता. इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बन तंतूंची करण्याचा प्रयोग पक्षी आदळण्याच्या चाचणीत फसला, टायटॅनियम धातूकडे वळावे लागले, आणि विकासखर्च मूळ अंदाजाच्या अडीच पटींवर गेला. संशोधनावर होणारा खर्च त्या-त्या वर्षीच्या नफ्यातून वजा न करता भविष्यातील मालमत्ता म्हणून ताळेबंदात दाखविण्याची पद्धतही कंपनीने स्वीकारली होती. त्यामुळे रोग बाहेरून दिसला नाही. थोर नावाच्या संस्थेचा ताळेबंद लोक बारकाईने वाचीत नाहीत, हाही पतीचा एक दुष्परिणामच होय.

त्या वेळी सत्तेवर एडवर्ड हीथ यांचे हुजूर पक्षाचे सरकार होते. डबघाईला आलेल्या उद्योगांना सरकारी पैशाने जगवावयाचे नाही, अशी घोषणा करून त्या सरकारला जेमतेम काही महिने लोटले होते. त्याच सरकारने कंपनीच्या विमान-इंजिन विभागाचे राष्ट्रीयीकरण केले. ब्रिटनचे हवाई दल आणि कित्येक देशांची विमाने या इंजिनांवर अवलंबून असल्याने दुसरा मार्गच नव्हता. इकडे अमेरिकेतही लॉकहीडला वाचविण्यासाठी २५ कोटी डॉलरच्या कर्जाची हमी देणे भाग पडले, आणि सिनेटमध्ये तो प्रस्ताव अवघ्या एका मताने तरला. खुल्या बाजाराचे दोन कट्टर पुरस्कर्ते एकाच वर्षी करदात्यांच्या दारी उभे राहिले. सेवानिवृत्त झालेल्या स्टॅन्ले हूकर यांच्यासारख्या अभियंत्यांना परत बोलावून इंजिन सुधारण्यात आले. पुढे ते यशस्वी ठरले आणि आजच्या ट्रेंट इंजिनांचे ते पूर्वज होय. बाजाराने टाकलेले हे मूल जनतेच्या पैशावर वाढले, ही वस्तुस्थिती विसरता येणार नाही.

मोटारींचा विभाग वेगळा करून १९७३ मध्ये खासगी भागधारकांना विकण्यात आला. येथे एक बारीकशी तजवीज झाली. रोल्स-रॉइस या नावाची आणि बोधचिन्हाची मालकी विमान-इंजिनांच्या कंपनीकडेच राहिली. मोटार कंपनीला ते वापरण्याची केवळ अनुज्ञा मिळाली. १९८० मध्ये मोटार कंपनी व्हिकर्स उद्योगसमूहात गेली, तर इंजिन कंपनी १९८७ मध्ये सरकारने पुन्हा खासगी केली. कागदावरील त्या तरतुदीकडे बराच काळ कोणाचे लक्ष गेले नाही.

अकरावा हिस्सा

१९९८ मध्ये व्हिकर्सने मोटारींचा व्यवसाय विक्रीस काढला. बीएमडब्ल्यूने ३४ कोटी पौंड देऊ केले; फोक्सवागनने ४३ कोटी पौंड मोजून व्यवहार जिंकला. क्रूचा कारखाना, तेथील कुशल कामगार, बेंटलीचे नाव, मोटारीच्या तोंडावरील ती पंख पसरलेली मूर्ती आणि जाळीचा विशिष्ट आकार, हे सारे फोक्सवागनकडे आले. आले नाही ते फक्त नाव. ते इंजिन कंपनीने ४ कोटी पौंडांना, म्हणजे साधारण अकराव्या हिश्श्यात, बीएमडब्ल्यूला वापरावयास दिले. शेवटी तडजोड झाली. २००२ च्या अखेरपर्यंत क्रू येथे दोन्ही मोटारी निघाव्यात आणि २००३ पासून रोल्स-रॉइस बीएमडब्ल्यूने बनवावी, असे ठरले. त्याप्रमाणे इंग्लंडमधील गुडवुड येथे बीएमडब्ल्यूने नवा कारखाना उभारला.

जे नाव १९७१ मध्ये जनतेच्या पैशाने बुडता-बुडता वाचले, त्याचे चार कोटी १९९८ मध्ये भागधारकांच्या खात्यात गेले. १९८७ च्या विक्रीतून सरकारी तिजोरीला रक्कम मिळाली होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु संकटाच्या वेळी ख्याती राष्ट्राची असते आणि सुगीच्या वेळी ती भागधारकांची होते, हा प्रकार जगात सर्वत्र चालतो आणि त्याविषयी सर्वत्र मौन असते. एखादा उद्योग सार्वजनिक पैशाने वाचवावयाचा असेल, तर त्याच्या नावाच्या भावी मोलात जनतेचा कायम वाटा लिहून घेतला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्रे जुनी होतात. वाचते आणि वाढते ते नावच.

यावर कोणी म्हणेल की, नावाला अखेर मोल आहेच, त्यावाचून बीएमडब्ल्यूने ते घेतले नसते. हा आक्षेप खोटा नाही. गुडवुडहून २०२३ मध्ये सहा हजारांहून अधिक मोटारी विकल्या गेल्या. ही संख्या कंपनीच्या जुन्या वैभवकाळालाही मागे टाकणारी आहे. पण दुसरे पारडेही पाहावे. नाव गमावलेल्या क्रूच्या कारखान्याने बेंटलीच्या नावाखाली २०२१ मध्ये १४ हजारांहून अधिक मोटारी विकल्या. म्हणजे थोरले नाव गेल्याने ते कुशल हात निकामी झाले नाहीत. आणि नाव हाती आलेल्यांना नवी जागा, नवी मोटार, नवे कारागीर हे सारे उभे करावे लागले. नाव चार कोटींत मिळाले. त्या नावाला शोभेल असे काम मात्र विकत मिळाले नाही, ते करावेच लागले. फारकतीनंतर प्रत्येकाला आपल्याकडे नसलेला अर्धा भाग श्रमाने पुन्हा कमवावा लागला, हेच या कथेचे तात्पर्य.

आपल्याकडील टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलरना घेतल्या, तेव्हा नावांबरोबर कारखाने, आरेखक आणि अभियंतेही घेतले आणि पुढे त्यांवर भांडवल घातले. नाव घेण्याची रीत हीच असावयास हवी. मोटारींपुरता हा विचार नाही. थोर संस्थापकांच्या तसबिरी भिंतीवर टांगून त्यांच्या पुण्याईवर चालणाऱ्या बँका, गिरण्या आणि शिक्षणसंस्था आपल्या भोवताली कमी नाहीत. त्यांच्या नावावर विश्वासून लोक ठेवी ठेवतात, मुले पाठवितात. त्या नावाखाली आज काम कोण करतो आणि कसे करतो, हे मात्र कोणी विचारीत नाही.

ताळेबंदात ख्याती मालमत्तेच्या बाजूला लिहिली जाते. नीतीच्या हिशेबात ती देण्याच्या बाजूला लिहावी लागेल. आधीच्या पिढीने मिळविलेली पत हे पुढच्या पिढीवरील ऋण असते, आणि १९०७ साली सुट्या केलेल्या त्या मोटारीप्रमाणे ते लोकांसमक्ष, नग मोजून फेडावे लागते.