कागदाने गाठ सुटत नाही



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक भगिनी सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात चार घड्या केलेला स्टँप पेपर होता. पंचमंडळींनी दोघा नवराबायकोला समोर बसवून त्यावर सह्या घेतल्या होत्या. वकील नाही, कोर्ट नाही, एका दुपारी काम उरकले होते. तिने विचारले, “फादर, आता मी मोकळी झाले ना?”

“नाही, बाई,” असे मला सांगावे लागले. काडीमोडाचा असा कागद कितीही मोठ्या पंचांनी लिहिला, नोटरीने त्यावर शिक्का मारला, तरी ख्रिस्ती विवाह त्याने मोडत नाही. त्या आधारावर कोणी दुसरे लग्न लावले तर तो गुन्हा ठरतो. त्याहून दुःखाची गोष्ट अशी की, पोटगीचा हक्क सोडल्याचे एक वाक्य त्या कागदात होते. कागद कन्नडमध्ये होता आणि तिला कन्नड वाचता येत नव्हते.

आपल्या विवाहांना 1869 चा घटस्फोट कायदा लागू आहे. 2001 पर्यंत तो स्त्रियांच्या बाबतीत फार कठोर होता. नवऱ्याने मारहाण केली वा टाकून दिले, तरी तेवढ्यावर पत्नीला घटस्फोट मिळत नसे. त्यासोबत व्यभिचारही सिद्ध करावा लागे. 2001 च्या दुरुस्तीने क्रूरता व परित्याग ही स्वतंत्र कारणे झाली आणि उभयतांच्या संमतीने अर्ज करण्याची वाटही खुली झाली. संमतीच्या अर्जासाठी दोन वर्षे विभक्त राहण्याची अट मूळ कलमात होती; कर्नाटक उच्च न्यायालयाने 2014 मध्ये ती एक वर्षावर आणली. अर्जानंतर सहा महिन्यांनी, परंतु अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा आपली इच्छा सांगावी लागते. घाईत घेतलेला निर्णय मागे घेता यावा, हा त्यातील हेतू आहे.

वकिलावाचून हे करता येते काय? येते. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याप्रमाणे पक्षकाराने स्वतः उभे राहणे हाच तेथील नियम आहे. वकील नेण्यास न्यायालयाची परवानगी लागते. जेथे लग्न लागले, जेथे दोघे राहतात किंवा शेवटी एकत्र राहिले, तेथील न्यायालयात अर्ज करावा. सोबत विवाहाचा दाखला जोडावा. तो आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवहीतून मिळतो. विभक्त केव्हापासून राहता, मुले कोणाजवळ राहतील, पोटगी किती, दागिने व भांडीकुंडी कोणाची, हे सारे अर्जात स्पष्ट लिहावे.

मात्र दोघांचे एकमत असेल तेव्हाच एकट्याने जावे. वाद असेल, मारहाण झाली असेल, जमिनीचा प्रश्न असेल, तर फी वाचविण्याच्या नादात हक्क गमावू नका. 1987 च्या कायद्यानुसार प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न काहीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. आणि जो कागद वाचता येत नाही, तो मराठीत समजावून घेतल्याशिवाय त्यावर सही करू नका.

आता धर्माची बाजू. न्यायालयाच्या निकालाने पवित्र विवाहबंधन तुटत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण तुम्हांस ठाऊक आहेच. उलट, धर्मप्रांतीय न्यायपीठाने विवाह मुळातच अवैध ठरविला, तरी सरकारदरबारी तेवढ्याने भागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 19 जानेवारी 2017 रोजी क्लॅरेन्स पैस यांच्या अर्जावर स्पष्ट केले. घरे दोन आहेत आणि प्रत्येकाचे दार निराळे ठोठवावे लागते. न्यायपीठाचे दारही गरिबाला बंद नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ही प्रक्रिया सुटसुटीत केली आणि शक्य तेथे ती विनामूल्य असावी असे सांगितले. अर्ज लिहिण्यास तुमचे धर्मगुरू मदत करतील.

आणखी एक गैरसमज दूर करू या. कायद्याने घटस्फोटित झालेली, पण पुन्हा लग्न न केलेली व्यक्ती केवळ त्या कारणाने ख्रिस्तप्रसादाला मुकत नाही. मुलांचे पालनपोषण व न्याय्य हक्क राखण्याचा दुसरा मार्ग नसेल, तर असा घटस्फोट ख्रिस्तसभा सहन करते. जिवाला धोका असेल तर विभक्त राहण्याचीही मुभा देते. म्हणून आईबापांनो, अंगावर वळ घेऊन माहेरी आलेल्या लेकीला “लोक काय म्हणतील” या भयाने परत धाडू नका.

त्या भगिनीचे पुढे काय झाले? ती विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेली. मुलांचा पोटगीचा हक्क आईच्या सहीने बुडत नाही, हे तिला तेथे कळले. तिचा अर्ज आता चालू आहे. तो स्टँप पेपर तिने अजून जपून ठेवला आहे. धाकट्या बहिणीला दाखवायला, असे ती म्हणते.