आईबाबांसाठी जुनी गाडी घेताना

मुले नोकरीनिमित्त बंगळुरू-हैदराबादला आणि आईवडील साताऱ्यात, इंदूरमध्ये नाहीतर बेळगावात, अशी कुटुंबे आता काही नवलाची राहिलेली नाहीत. अशा घरातली जुनी, बुटकी गाडी बदलण्याची वेळ कधी ना कधी येतेच. क्लच दाबताना वडिलांचा गुडघा बोलू लागतो आणि मागच्या सीटवरून उठताना आईला कोणीतरी हात द्यावा लागतो. मग फोनवर ठरते : ‘या वेळी उंच गाडी घेऊ. नवी परवडत नसेल, तर चारपाच वर्षे वापरलेली घेऊ.’

निर्णय चुकीचा मुळीच नाही. परंतु पुढची सगळी निवड बहुधा मुलगा करतो, तीही स्वतःच्या आवडीने. सनरूफ आहे का, पडदा किती इंची आहे, चाके अलॉयची आहेत का, याची चौकशी होते. जिला त्या गाडीत रोज चढायचे-उतरायचे आहे, त्या आईला फक्त रंग विचारला जातो. यात पैसा बहुतेक वेळा वडिलांच्या निवृत्तीच्या पुंजीतला असतो, हे लक्षात घेतले तर निवड त्या दोघांच्या शरीराला आणि सवयींना विचारून व्हायला हवी, हे वेगळे सांगायला नको.

चार मीटरच्या आतली, थोडी उंच गाडी म्हणजे आपल्याकडची ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’. चार मीटरची ही मर्यादा करामुळे आली. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली आणि कारखानदारांनी त्या मापात गाड्या बसवायला सुरुवात केली. फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ मध्ये आली, मारुतीची व्हिटारा ब्रेझा २०१६ मध्ये, टाटांची नेक्सॉन २०१७ मध्ये, ह्युंदाईची व्हेन्यू आणि महिंद्रांची एक्सयूव्ही ३०० या २०१९ मध्ये, तर कियाची सोनेट २०२० मध्ये. जुन्या गाड्यांच्या बाजारात आज मुख्यतः हीच नावे दिसतात. वयस्कर माणसांना या मापाचा दुहेरी फायदा होतो : बसायला उंची मिळते आणि गल्लीत वळवायला गाडी छोटीच राहते.

बसून पाहा, नुसते पाहू नका

स्विफ्टसारख्या गाडीची उंची साधारण एक मीटर त्रेपन्न सेंटीमीटर आहे, तर ब्रेझाची एक मीटर चौसष्ट. फरक वीतभरही नाही, पण गुडघ्यांना तो बरोबर कळतो. बुटक्या गाडीत माणूस खाली ‘पडतो’ आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. याच्या उलट, थार किंवा बोलेरोसारख्या खऱ्या जीप वळणाच्या गाडीत चढावे लागते. साडी नेसलेल्या बाईला तर एका हाताने निऱ्या आणि दुसऱ्या हाताने दार धरून चढणे म्हणजे कसरतच. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर आपण जसे सहज टेकतो, तसे गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेवर टेकता आले पाहिजे आणि मग दोन्ही पाय एकदम आत घेता आले पाहिजेत. सीट ओलांडून जावे लागत नाही आणि खाली धपकनही बसावे लागत नाही, ती उंची बरोबर.

ही परीक्षा आईला नेऊनच घ्यावी, आणि तीही एकदा नव्हे, लागोपाठ चारपाच वेळा. पहिल्यांदा सगळेच उत्साहाने चढतात. पाचव्या वेळी दुखरा गुडघा खरे काय ते सांगतो. ती रोज ज्या चपला घालते, त्याच चपला त्या दिवशी पायात असाव्यात. दार किती उघडते आणि अर्ध्यावर उघडे ठेवले तर थांबते की अंगावर येते, हे पाहावे. दाराचा खालचा उंबरठा किती रुंद आहे तेही पाहावे, कारण तो रुंद असला की पाय लांब टाकावा लागतो. छताजवळचा धरायचा दांडा सहसा चालकाच्या बाजूला नसतो. मागची दारे पुढच्यांपेक्षा अरुंद असतात आणि मागच्या चाकाचा फुगवटा नेमका पाय आत घेण्याच्या जागेत येतो. म्हणूनच गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला पुढची डावी सीट, पूर्ण मागे सरकवून, सर्वांत सोयीची पडते. ‘मोठ्यांनी मागे बसायचे’ हा आपल्याकडचा मान अशा वेळी बाजूला ठेवलेला बरा.

डिकीही उघडून पाहावी. वॉकर किंवा घडीची खुर्ची ठेवायची झाली, तर ती किती उंच उचलावी लागेल हा प्रश्न लिटरच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे. इकोस्पोर्टचे मागचे दार बाजूला उघडते आणि बऱ्याच गाड्यांत त्यावर जादा चाक टांगलेले असते. ते दार जड लागते आणि मागे भिंत असेल तर पुरते उघडतही नाही. जुन्या पद्धतीची सीएनजी टाकी बसवलेल्या गाडीत डिकी जवळजवळ संपतेच. इंधनात वाचलेले पैसे मग टपावर सामान बांधण्यात जातात.

क्लचला रामराम

वडिलांनी चाळीस वर्षे गिअर टाकले असतील, तरी सत्तरीच्या आसपास ऑटोमॅटिक गाडी घेण्यात शहाणपण आहे. डाव्या पायाची सुट्टी होते आणि चढावर गाडी मागे सरकण्याची भीती कमी होते. परंतु ‘ऑटोमॅटिक’ या एकाच शब्दाखाली बाजारात निरनिराळ्या यंत्रणा विकल्या जातात. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स. त्याचा क्लच यंत्र दाबते एवढेच. ही यंत्रणा स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी असते, पण गिअर बदलताना किंचित झोका देते. नेक्सॉनमध्ये अनेक वर्षे हीच होती. व्हेन्यूच्या आणि सोनेटच्या टर्बो पेट्रोल गाडीत दुहेरी क्लचची यंत्रणा मिळते. ती गुळगुळीत चालते, पण शहरातल्या रेंगाळत्या वाहतुकीत अशा यंत्रणेचा क्लच तापतो आणि बिघडलाच तर खर्च मोठा येतो. तिसरी टॉर्क कन्व्हर्टर. ती थोडे जास्त इंधन पिते, पण चाल मऊ असते आणि टिकते. फेब्रुवारी २०२० नंतरच्या पेट्रोल ब्रेझात, २०१७ अखेरच्या बदलानंतरच्या पेट्रोल इकोस्पोर्टमध्ये आणि सोनेटच्या डिझेल गाडीत ती आहे. वयस्कर चालकासाठी टॉर्क कन्व्हर्टरला पहिली पसंती द्यावी. मात्र इकोस्पोर्ट घेताना एक गोष्ट आधी पाहावी. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले; तेव्हा आपल्या गावापासून सर्वात जवळचे सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, याची चौकशी करूनच पुढे जावे.

नव्या सवयीला वेळ लागतो. ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय चुकून क्लचच्या शोधात ब्रेकवर जातो आणि गाडी गचकन थांबते. महिनाभर मोकळ्या मैदानावर, सकाळच्या वेळी सराव झाल्याशिवाय बाजारपेठेत जाऊ नये.

डिझेलचे काय? एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणी आली. गाडी महामार्गावर काही वेळ सलग पळाली की ती काजळी जळून जाते. पण आईबाबांची गाडी जाणार कुठे? देवळात, दवाखान्यात, भाजीला, फार तर भाच्याच्या लग्नाला. रोजच्या दोनतीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती गाळणी तुंबते आणि दिवा लागतो. महिन्याला तीनचारशे किलोमीटर चालवणाऱ्यांनी पेट्रोलच घ्यावे. आता देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि त्याला जुळणारे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आहेत. त्याआधीची गाडी असेल, तर तिच्या पुस्तिकेत काय म्हटले आहे ते वाचावे.

वर्ष पाहून सुरक्षा ओळखा

जुन्या गाडीत कोणती सुरक्षा साधने असतील, हे तिच्या उत्पादनाच्या वर्षावरून बरेचसे कळते. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, पट्टा लावण्याची आठवण करणारी घंटी आणि मागचा पार्किंग सेन्सर सक्तीचा झाला. मान वळवायला त्रास होणाऱ्यांना हा सेन्सर मोठाच आधार आहे. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग २०२१ च्या अखेरीपासून सर्व गाड्यांत आल्या. म्हणजे २०२२ ची गाडी घेतली, तर शेजारी बसणाऱ्या आईलाही एअरबॅग मिळणार हे निश्चित. त्याआधीची घ्यायची असेल तर नेमके मॉडेल तपासावे. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये आणि एक्सयूव्ही ३०० ला जानेवारी २०२० मध्ये प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मागच्या सीटचे पट्टे मात्र ओढून, अडकवून पाहावेत. कित्येक गाड्यांत ते सीटच्या खाली दडपलेले सापडतात, कारण वर्षानुवर्षे कोणी लावलेलेच नसतात.

आणि एक अवघड विषय. गाडी कितीही सोयीची मिळाली, तरी ती चालवायची कोणी? पंचावन्नी ओलांडल्यावर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. पण प्रमाणपत्र मिळाले म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. मोतीबिंदू वाढत असेल तर रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी पेंग येते. इन्शुलिन घेणाऱ्याची साखर अचानक उतरली तर हातपाय थरथरू लागतात. ‘बाबा, आता तुम्ही चालवू नका’ असे मुलाने फोनवर सांगितले की वडील दुखावतात, आणि दुसऱ्याच दिवशी मुद्दाम गाडी काढतात. त्यापेक्षा गाडी घेण्याआधीच, आई समोर असताना मोकळेपणी बोलावे. रात्री नाही, पावसात नाही, घाटात नाही. तेव्हा गावातला ओळखीचा ड्रायव्हर बोलवायचा, असे वडिलांच्या तोंडूनच ठरले तर ते पाळले जाते. त्या ड्रायव्हरचे वर्षाचे पैसे गाडीच्या अंदाजपत्रकातच धरावेत. आईला गाडी येत असेल, तर सीट वर-खाली होणारी गाडी घ्यावी म्हणजे तीही चालवू शकेल. याचा विचार फारच थोड्या घरांत होतो.

दलालाच्या गोड बोलण्यापूर्वी

किलोमीटरचा काटा मागे नेणे जुन्या बाजारात नवीन नाही. म्हणून काट्यापेक्षा झिजलेल्या वस्तूंवर विश्वास ठेवावा : ब्रेकचे रबर, स्टिअरिंगची कातडी, चालकाच्या सीटची कड. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पंचवीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला दुसऱ्यांदा घातलेले टायर दिसले, तर का म्हणून विचारावे. मालकाला बरोबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरवर गेले तर आजवरच्या सर्व्हिसच्या नोंदी पाहायला मिळतात.

पुरात बुडालेल्या गाडीपासून सावध राहावे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईत अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या, आणि धुऊनपुसून अशी गाडी कुठेही विकायला येऊ शकते. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढावा. आतल्या टोकाला चिखलाचा डाग असेल तर व्यवहार तिथेच संपवावा. जादा चाकाच्या खोबणीतही हात घालून पाहावा. गाडी पाहायला सकाळी जावे आणि आधी बॉनेटला हात लावावा. तो गरम असेल, तर गाडी तुमच्या येण्यापूर्वीच चालू करून ठेवली आहे; कशासाठी, ते विक्रेत्यालाच ठाऊक. शेवटी ओळखीच्या मेकॅनिकला त्याची मजुरी देऊन गाडी दाखवावी. लाखांच्या व्यवहारात ही रक्कम वाचवणे म्हणजे खुळेपणाच.

भावाच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. ‘मी साडेअकरा लाखांना घेतली होती’ हे विक्रेत्याचे बोलणे म्हणूनच कामाचे नाही. तीच गाडी आज नवी केवढ्याला मिळते, तिथून हिशेब सुरू करावा.

दिल्लीहून स्वस्तात आलेली डिझेल गाडी दिसली तर तिचे कारण समजून घ्यावे. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये निर्बंध आणले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. परराज्यातली गाडी घ्यायची तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र लागते, इथे नव्याने रस्ता कर भरावा लागतो आणि जुन्या राज्याकडून परतावा मिळवण्याचे हेलपाटे वेगळेच. सत्तरीच्या माणसामागे ही कटकट लावू नये.

कागदपत्रांत आरसीवर बँकेचे नाव आहे का ते पाहावे. असल्यास कर्ज फेडल्याचे बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नावबदलासाठी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात. विक्रेता धंदेवाईक असेल तर एप्रिल २०२३ पासून त्याच्याकडे आरटीओचे अधिकृत प्रमाणपत्र असावे लागते; ते दाखवायला सांगण्यात संकोच नको. थकलेली ई-चलने आधी भरून घ्यावीत आणि काचेवरचा जुना फास्टॅग काढून टाकावा. विमा मात्र आपोआप सगळाच नव्या मालकाच्या नावे होत नाही. चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवावे लागते, आणि जुन्या मालकाची ‘नो क्लेम’ सवलत त्याच्याबरोबरच जाते. ती सवलत वजा केल्यावर विम्याचा हप्ता किती होईल, हे सौदा ठरवण्याआधीच विचारून ठेवावे.